वाद्य परके, कान आपला

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. जिथे राष्ट्रजीवनाचे चिंतन चालते, तिथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफिलींचे काय प्रयोजन, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पण राष्ट्राचे मन ज्या ज्या वाटांनी प्रकट होते, त्यांत स्वर ही एक फार जुनी आणि फार बलवान वाट आहे. म्हणून थोडा वेळ आपण या वाटेने चालून पाहू.

जगातील मोठे वाद्यवृंद आपल्या मैफिली सुट्या सुट्या ठरवीत नाहीत. त्यांचा हंगाम असतो, आणि त्या हंगामाला बहुधा एक सूत्र असते. कधी एखाद्या संगीतकाराची जन्मशताब्दी, कधी एखादे शतक, तर कधी निरनिराळे देश. आज एका देशाची संध्याकाळ, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची, असा तो प्रवास चालतो. आपल्या मुंबईतही ही प्रथा परकी राहिलेली नाही. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र १९६९ साली स्थापन झाले. त्याच केंद्रात खुशरू संटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालीयेव यांच्या पुढाकाराने २००६ साली ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला. या वाद्यवृंदाचेही हंगाम होतात आणि रसिक ते आवर्जून ऐकतात.

अशा देशोदेशींच्या संगीताच्या हंगामाकडे पाहताना माझ्या मनात दोन प्रश्न येतात. ज्या देशांना तिथे मानाची संध्याकाळ मिळते, त्यांनी ती कशी मिळवली? आणि भारताच्या वाट्याला एक संध्याकाळ आली, तर आपण तिथे काय ठेवणार?

एका लहान राष्ट्राचा मोठा स्वर

पहिली संध्याकाळ चेक देशाची घेऊ. एकोणिसाव्या शतकात हा देश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. शिक्षण, राज्यकारभार आणि प्रतिष्ठित समाजाचा व्यवहार जर्मन भाषेत चाले. वाद्यवृंद हे माध्यमही मुख्यत्वे जर्मन, ऑस्ट्रियन आणि इटालियन संगीतकारांनी घडवलेले. बेद्रिख स्मेताना हा संगीतकार १८२४ साली जन्मला, तोही जर्मनमध्येच शिकला. आपल्याच मातृभूमीची भाषा नीट लिहिता यावी म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याने तिचा नव्याने अभ्यास केला. आपल्या देशातील इंग्रजी शाळांतून शिकलेल्या आणि पुढे स्वभाषेकडे वळलेल्या कितीतरी कर्त्या पुरुषांची इथे आठवण व्हावी.

स्मेतानाने १८७४ ते १८७९ या काळात सहा स्वरकाव्यांची एक माळ रचली. तिचे नाव ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझी मातृभूमी’. पहिल्या रचनेत व्हिशेह्राद हा राजांचा प्राचीन गड आहे, दुसरीत व्ल्तावा नदी आहे. पुढे दंतकथेतील वीरांगना येते, शेते आणि वनराई येते, आणि अखेरीस ब्लानिक पर्वत येतो. या पर्वताच्या पोटात वीर योद्धे निद्रिस्त आहेत आणि राष्ट्रावर संकट येताच ते जागे होतील, अशी चेक लोकांची श्रद्धा आहे. गड, नदी, शेत, पर्वत आणि पूर्वजांचे स्मरण. मातृभूमीचे हे दर्शन आपल्याला अनोळखी वाटणार नाही. विशेष हे की १८७४ च्या शरद ऋतूतच स्मेतानाची श्रवणशक्ती पूर्णपणे गेली. आपल्या नदीचा तो प्रवाह त्याने कधी कानांनी ऐकलाच नाही; तो त्याला आतूनच ऐकू आला.

याच काळात प्रागमध्ये राष्ट्रीय नाट्यगृह उभे राहिले. १८६८ साली त्याची पायाभरणी झाली तेव्हा देशातील पूज्य आणि ऐतिहासिक स्थळांहून शिला आणल्या गेल्या. लोकांनी पै-पैसा गोळा केला. १८८१ साली स्मेतानाच्या संगीतनाटकाने ते उघडले आणि काही आठवड्यांतच आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. समाज खचला नाही. अवघ्या ४७ दिवसांत दहा लाख गुल्डेन उभे राहिले आणि १८८३ साली पुन्हा पडदा उघडला. रंगमंचाच्या कमानीवर कोरलेल्या शब्दांचा अर्थ आहे, ‘राष्ट्राने स्वतःसाठी’. सरकारी अनुदानाची वाट पाहणाऱ्या आपल्या सांस्कृतिक संस्थांनी या दोन शब्दांवर अवश्य विचार करावा.

या संगीताने पुढे काय केले तेही पाहा. १९३९ साली हिटलरच्या सेनेने प्राग व्यापले. त्याच वर्षी व्हाक्लाव्ह तालिख या संचालकाने ‘मा व्लास्त’ सादर केले, आणि ते संपताच श्रोते उत्स्फूर्तपणे उभे राहून आपले राष्ट्रगीत गाऊ लागले. १९४८ साली साम्यवाद्यांनी सत्ता बळकावली तेव्हा राफाएल कुबेलिक हा थोर संचालक देश सोडून गेला. साम्यवादी राजवट कोसळल्यावर, ४२ वर्षांनी, १९९० साली तो मायदेशी परतला आणि प्रागच्या वसंतोत्सवात त्याने पुन्हा ‘मा व्लास्त’च उभे केले. राजवटी आल्या आणि गेल्या, नदीचा स्वर मात्र वाहत राहिला. २०२४ साली स्मेतानाच्या जन्माला दोनशे वर्षे झाली. तेव्हा चेक राष्ट्राने ते वर्ष आपल्या संगीताचे वर्ष म्हणून साजरे केले.

शस्त्र नव्हते तेव्हा स्वर होता

दुसरी संध्याकाळ फिनलंडची. १८०९ पासून हा देश रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. १८३५ साली एलियास ल्योनरोत याने खेडोपाडी फिरून जमवलेल्या लोकगीतांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले आणि फिन समाजाला आपण कोण आहोत याचे भान आले. १८९९ साली झारने या देशाची स्वायत्तता आक्रसून टाकणारा जाहीरनामा काढला, वृत्तपत्रांवर बंधने आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वृत्तपत्रांच्या साहाय्यार्थ म्हणून एक उत्सव झाला आणि त्यात देशाच्या इतिहासाची दृश्ये रंगमंचावर दाखवण्यात आली. त्या दृश्यांसाठी जाँ सिबेलियस याने जे संगीत रचले, त्याचा अखेरचा भाग पुढे ‘फिनलंडिया’ या नावाने जगभर गाजला. सरकारी नजर चुकवण्यासाठी कित्येकदा ही रचना दुसऱ्याच नावाने वाजवावी लागे. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला. आपल्याकडे लोकमान्यांनी गणेशोत्सवाला जे रूप दिले त्याचे मर्म ज्याला कळले, त्याला हेलसिंकीतील त्या उत्सवाचे मर्म निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक १८९२ साली न्यूयॉर्कच्या संगीतशाळेचा प्रमुख होऊन अमेरिकेस गेला. तिथे तरुण संगीतकार युरोपचे अनुकरण करण्यात धन्यता मानीत होते. द्वोर्झाकने त्यांना सांगितले की तुमच्या संगीताचा पाया तुमच्याच भूमीत आहे. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांत तो शोधा. ज्या समाजाला अमेरिकेने पायाशी ठेवले होते, त्याच्याच कंठात त्या देशाचा खरा स्वर आहे, हे एका परदेशी पाहुण्याने ओळखले. यात आपल्यासाठीही बोध आहे. आपले स्वत्व केवळ राजदरबारी गायकीत नाही. वासुदेवाच्या टाळात, गोंधळ्याच्या संबळात, धनगरांच्या ओव्यांत, वनवासी बांधवांच्या तारप्यातही ते आहे. त्याची उपेक्षा करून राष्ट्रीय संगीताची भाषा बोलता येणार नाही.

अभिमान आणि द्वेष यांतील सीमारेषा

आता हंगेरी. बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय हे दोघे तरुण विसाव्या शतकाच्या आरंभी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन खेड्यापाड्यांत हिंडले. शहरातील उपाहारगृहांत वाजणारे संगीत म्हणजेच हंगेरियन संगीत, असा समज तेव्हा रूढ होता. या दोघांनी शेतकऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांकडून हजारो गीते मिळवली आणि राष्ट्राला त्याचा विसरलेला आवाज परत दिला. पण बार्टोक तेवढ्यावर थांबला नाही. त्याने स्लोव्हाक आणि रुमानियन गीते जमवली, अल्जीरियात अरब संगीत टिपले, पुढे तुर्कस्तानातही गेला. आपल्या मातीवर प्रेम करता करता शेजाऱ्याच्या मातीचाही गंध त्याला आवडू लागला. युरोपात नाझींची छाया पसरली तेव्हा १९४० साली त्याने प्रिय मायदेश सोडला आणि अमेरिकेत दारिद्र्य व आजारपण सोसत १९४५ साली देह ठेवला.

बार्टोकची ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण राष्ट्राभिमानाच्या नावाखाली उलटा प्रवासही झालेला आहे. १९३६ साली लाइपझिग शहरातून मेंडेलसोन या संगीतकाराचा पुतळा हटवण्यात आला. ज्याने त्या शहराच्या वाद्यवृंदाला कीर्ती मिळवून दिली, तो जन्माने ज्यू होता एवढाच त्याचा अपराध. त्याच १९३६ साली ब्रोनिस्लाव्ह हुबरमन या व्हायोलिनवादकाने युरोपातील वाद्यवृंदांतून बाहेर काढल्या गेलेल्या ज्यू वादकांना पॅलेस्टाइनमध्ये एकत्र केले आणि तोस्कानिनी यांनी त्या नव्या वाद्यवृंदाची पहिली मैफल संचालित केली. आणि त्याच १९३६ साली मुंबईत एका पारशी घरात एक बालक जन्मले. वडील मेहली मेहता यांनी आदल्या वर्षीच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. झुबिन मेहता नावाचा हा मुलगा पुढे हुबरमनच्याच त्या वाद्यवृंदाचा, म्हणजे आजच्या इस्रायल फिलहार्मोनिकचा, अनेक दशके संगीत संचालक झाला. २०१९ पर्यंत ही धुरा त्यांनी वाहिली आणि भारतीय पारपत्र मात्र अभिमानाने जपले.

एका भूमीने आपल्याच सुपुत्राचा पुतळा काढला. आणि आपल्या भूमीने ज्या परागंदा समाजाला शतकांपूर्वी आश्रय दिला, त्याच्या सुपुत्राने दुसऱ्या परागंदा समाजाच्या संगीताला आधार दिला. दोन वृत्तींमधील हा भेद हिंदू म्हणवणाऱ्या प्रत्येकाने हृदयाशी धरावा. अभिमानाने जर्मनी मोठा झाला होता. द्वेषाने तो संगीतातही दरिद्री झाला.

पूर्वेचे उदाहरण

चौथी संध्याकाळ जपानची. मेइजी काळात जपानने पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर पाश्चात्त्य संगीतही शाळांत आणले. उत्तम वादक तयार झाले, उत्तम वाद्यवृंद उभे राहिले. पण स्वतःचे संगीत मागे पडले. तोरू ताकेमित्सू हा महायुद्धोत्तर पिढीतला संगीतकार आरंभी आपल्या परंपरेपासून दूरच राहिला होता. पुढे बाहुलीनाट्याचे पारंपरिक संगीत ऐकताना तो अंतर्मुख झाला आणि स्वतःच्या वारशाकडे वळला. १९६७ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने आपल्या १२५ व्या वर्षानिमित्त त्याच्याकडून रचना मागवली. त्याने ‘नोव्हेंबर स्टेप्स’ या रचनेत बिवा हे तंतुवाद्य आणि शाकुहाची ही बांबूची बासरी पाश्चात्त्य वाद्यवृंदापुढे उभी केली. त्याने दोन्हींचे मिश्रण केले नाही. दोघांनाही आपापल्या जागी, आपापल्या श्वासाने बोलू दिले. जगाने ती ऐकली, कारण तिच्यात कोणाची नक्कल नव्हती.

या सर्व संध्याकाळींचे सार एका वाक्यात सांगायचे तर, वाद्य परके चालते. कान परका चालत नाही. स्मेताना, सिबेलियस, बार्टोक या सर्वांनी माध्यम दुसऱ्याचे घेतले, पण त्यातून बोलले ते स्वतःचे. ज्यांचा कानच परका झाला, त्यांना जगाच्या दरबारात स्वतःची संध्याकाळ कधी मिळाली नाही.

आपली परंपरा ग्रहण करणारी

मित्रहो, ही कला आपल्या पूर्वजांना नवी नव्हती. तंजावरच्या मराठा राज्यातील दुसरे सरफोजीराजे यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा संच होता. त्याच काळात तमिळ भूमीत बालुस्वामी दीक्षितर यांनी इंग्रजांचे व्हायोलिन आत्मसात केले. त्यांचे बंधू, कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक असलेले मुत्तुस्वामी दीक्षितर, यांनी इंग्रजी बँडच्या धुनांवर देवदेवतांची संस्कृत स्तोत्रे रचली. ‘नोट्टुस्वर’ या नावाने ती आजही मुलांना शिकवली जातात. ज्या धुनीवर इंग्रज आपल्या राजाचे स्तवन करीत, त्याच धुनीवर दीक्षितरांनी संस्कृत स्तवन रचले! आज दक्षिणेत व्हायोलिनशिवाय मैफल उभी राहत नाही आणि ते बसून, आडवे धरून, गमकांसह असे वाजते की ते परके होते हे सांगावे लागते. आपल्याकडे हार्मोनियमची हीच कथा. युरोपातून आलेली ही पेटी कीर्तनात आणि भजनात रुळली, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या बोटांतून ती मराठी होऊन गेली.

संघाच्या घोषाचे उदाहरण तर आपल्यासमोरच आहे. सैनिकी बँडची वाद्ये आपण घेतली. पण आनक, पणव, वंशी, शंख, झल्लरी, त्रिभुज ही नावे आपली, आणि रचना आपल्या रागांत बांधलेल्या. संचलनात पाऊल पडते ते आपल्याच स्वरांच्या तालावर. स्मेतानाने प्रागमध्ये जे केले, तेच तत्त्व आपला वंशीवादक शाखेच्या मैदानावर पहाटे गिरवीत असतो.

भारताची संध्याकाळ

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. जगाच्या हंगामात भारताची संध्याकाळ आली तर तिथे काय ठेवायचे? पं. रविशंकर यांनी १९७१ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर सतारीसाठी रचना सादर केली. पुढे १९८१ साली ‘रागमाला’ झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्कमध्ये वाजली. उस्ताद झाकिर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘पेशकार’ ही रचना केली आणि २०१५ साली मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने ती प्रथम वाजवली. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा साऱ्या जगाने त्यांना आदरांजली वाहिली. हे प्रयत्न मोलाचे आहेत.

तथापि एक अडचण मूलभूत आहे. वाद्यवृंदाचा प्राण लिखित संहितेत आणि अनेक स्वरांच्या एकाच वेळच्या मेळात आहे. रागसंगीताचा प्राण एकाच षड्जावर स्थिर राहून क्षणोक्षणी होणाऱ्या विस्तारात आहे. ऐंशी वादकांनी एकत्र वाजवायचे तर स्वर कागदावर बांधावा लागतो. आणि मींड, श्रुती, उपज यांतले पुष्कळसे कागदावर बसत नाही. म्हणून भारताची संध्याकाळ वाद्यवृंदाच्याच साच्यात बसली पाहिजे, असा हट्ट आपण का धरावा? दोन तानपुरे, एक गायक, एक तबला आणि एक राग एवढ्यावर तीन तास सभागृह भारून टाकण्याचे सामर्थ्य आपल्या परंपरेत आहे. जगाच्या हंगामात आपण आपल्याच आसनावर बसून सहभागी होऊ शकतो.

पण त्यासाठी घरात काही शिल्लक असले पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन मराठी माणसांनी हीच चिंता वाहिली. कुरुंदवाडला जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीताला घराघरांत प्रतिष्ठा दिली. वाळकेश्वरला जन्मलेले पं. विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, धर्म-पंथाचा भेद न मानता उस्तादांपासून पंडितांपर्यंत सर्वांकडून बंदिशी मिळवल्या आणि त्या ग्रंथबद्ध केल्या. बार्टोकने जे हंगेरीसाठी केले, ते भातखंडे यांनी भारतासाठी त्याच सुमारास केले होते. बार्टोकचे नाव आदराने घेणाऱ्या आपल्या किती तरुणांना भातखंडे ठाऊक आहेत?

खरा धोका परदेशी वाद्यवृंदापासून नाही. मुंबईत बसून कोणी स्मेताना ऐकत असेल तर त्याचे अभिनंदनच करावे. त्यातून मातृभूमीवर प्रेम कसे करावे हे कळेल. धोका आहे तो आपल्या घरातील मौनाचा. मुलाला पियानोच्या शिकवणीला पाठवताना भूप आणि यमन यांतला फरक त्याच्या कानावर कधीच पडू नये, आजीला पाठ असलेल्या ओव्या तिच्याबरोबरच संपाव्यात, गावातील भजनी मंडळात तरुण नसावा, हे आपले आपणच केलेले नुकसान आहे. त्याचे खापर कोणा परकीयावर फोडता येणार नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून निदान एक मैफल तिकीट काढून ऐकावी. फुकट मिळणाऱ्या कलेचा मान राहत नाही. घरातील एक तरी मूल पाच वर्षे सलग एखादे वाद्य वा गायन शिकेल असे पाहावे. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांच्या ओव्या, आरत्या, पाळणे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. बार्टोकला त्यासाठी मेणाची नळकांडी खेड्यांतून वाहून न्यावी लागली. आपल्या खिशात ते यंत्र आहेच. आणि जमेल तेव्हा दुसऱ्या देशाचेही संगीत आदराने, नीट बसून ऐकावे. ज्याला स्वतःचा षड्ज सापडला आहे, त्याला दुसऱ्याच्या स्वराची भीती वाटत नाही.

‘राष्ट्राने स्वतःसाठी’ हे शब्द प्रागच्या नाट्यगृहावर कोरलेले आहेत. आपल्याला ते कमानीवर कोरण्याची आवश्यकता नाही. ते आपल्या घरातल्या तानपुऱ्याच्या जुळलेल्या तारांतून ऐकू यावेत, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि थांबतो.